दीर्घायुषी इथिओपियनांची अर्धीच कथा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील आहारविषयक लेखात ‘मॅक्रोबायोटिक’ या आहारपद्धतीच्या नावाचे मूळ ‘मॅक्रोबिओस’, म्हणजे दीर्घायुषी, या प्राचीन ग्रीक विशेषणात असल्याचे सांगून ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने वर्णिलेल्या दीर्घायुषी इथिओपियनांचा आणि त्यांच्या अद्भुत झऱ्याचा उल्लेख केला आहे. विषय आवडला, परंतु कथा झऱ्यापाशीच थांबवल्याने तिचे मर्म हरवले आहे.

हिरोडोटसच्या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात ही हकीकत येते. इ. स. पू. 525 मध्ये इजिप्त जिंकल्यावर इराणचा सम्राट कॅम्बायसिस याने या इथिओपियनांवर स्वारी करण्याच्या हेतूने, त्यांची भाषा जाणणारे हेर जांभळे वस्त्र, सोन्याचे दागिने, सुगंधी द्रव्य आणि खजुराची दारू अशा भेटी देऊन पाठवले. तिथल्या राजाने त्यांचा डाव तत्काळ ओळखला. इराणी लोक गव्हाची भाकरी खातात आणि जास्तीत जास्त 80 वर्षे जगतात, हे ऐकून त्याने त्या अन्नाला चक्क शेण म्हटले. त्याची प्रजा उकडलेल्या मांसावर व दुधावर 120 वर्षे जगत होती. आजचा मॅक्रोबायोटिक आहार मुख्यतः धान्यावर उभा आहे, तेव्हा त्याला या कथेचा आधार देता येत नाही, हे लेखात यायला हवे होते. झऱ्याविषयीही हिरोडोटस सावध आहे: सांगतात तसे, म्हणजे लाकूडही तरंगू नये इतके हलके, ते पाणी खरोखर असेल, तर तेच दीर्घायुष्याचे कारण असावे, एवढेच तो म्हणतो.

मला त्या राजाचे उत्तर सर्वांत मोलाचे वाटते. त्याने एक प्रचंड धनुष्य हेरांच्या हाती दिले आणि निरोप धाडला की, असे धनुष्य इराणी लोक सहज ओढू लागतील तेव्हाच त्यांनी मोठ्या सैन्यानिशी आमच्यावर यावे, आणि तोवर इथिओपियनांच्या मुलांच्या मनात दुसऱ्यांची भूमी बळकावण्याचा विचार देवांनी घातलेला नाही, याबद्दल देवांचे आभार मानावेत. इतके बळ आणि इतके आयुष्य लाभूनही परक्या भूमीची हाव न धरणारे हे लोक आहेत. उलट, कॅम्बायसिस शिधासामग्रीची कसलीही तयारी न करता रागाच्या भरात निघाला. वाटेचा पाचवा हिस्साही सरला नाही तोच अन्न संपले, आधी ओझ्याची जनावरे आणि मग गवत खाऊन झाल्यावर, वाळवंटात सैनिकांनी चिठ्ठ्या टाकून दहांतला एक साथीदार खाल्ला, तेव्हा कुठे तो माघारी फिरला.

पुढील एखाद्या पुरवणीत ही हकीकत संपूर्ण छापावी, अशी आग्रहाची विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे