शनिवारच्या गेम्सबद्दल पालकांना सूचना

नमस्कार मंडळी,

शनिवारी संध्याकाळी 5 ते 7 क्लब हाउसच्या टीव्हीवर मुलांसाठी गेम लावणार आहोत. कन्सोल किंवा डिस्क देणाऱ्यांनी आधी डब्यावरच्या कोपऱ्यातलं वयाचं चिन्ह बघावं. युरोपातल्या 'पेगी' या वय ठरवणाऱ्या पद्धतीचे आकडे 3, 7, 12, 16, 18 असे असतात. अमेरिकेहून आणलेल्या डब्यावर 'ई' (सगळ्यांसाठी), 'टी' (किशोरवयीनांसाठी), 'एम' (मोठ्यांसाठी) अशी अक्षरं. आपली बहुतेक मुलं 6 ते 11 वर्षांची, तेव्हा 7 च्या वरचं आणि 'टी', 'एम'चं घरीच ठेवा.

हा आकडा आशयाचा आहे, अवघडपणाचा नव्हे. 3 चा शिक्का असलेलं बुद्धिबळ तीन वर्षांच्या पोराला जमेलच असं नाही!

माझं मत 'मारिओ कार्ट 8 डिलक्स' या गाड्यांच्या शर्यतीच्या गेमला. एकाच पडद्यावर चौघं खेळतात आणि 'स्मार्ट स्टिअरिंग' चालू असलं की चिल्लीपिल्लींची गाडी रस्ता सोडत नाही. मोठ्यांना मात्र ते बंद करून द्या, नाहीतर भांडणं ठरलेली.

मोबाईलवरचे गेम शनिवारी नकोत. घरी देत असाल तर प्ले स्टोअरवर वयाच्या आकड्याबरोबर 'इन-ॲप खरेदी' लिहिलंय का तेही पाहा. आमच्या चिरंजीवांनी 'फुकट' गेममध्ये 799 रुपयांचे हिरे घेतले, मला बँकेच्या मेसेजवरून कळलं. सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावता येतो, तो आजच लावा.

कोण काय आणणार ते गुरुवारपर्यंत कळवा. जादा कंट्रोलर असल्यास चार्ज करून आणा. आजी-आजोबांनाही एक फेरी राखून ठेवली आहे.