कॅमेरा बदलण्याआधी लेन्सचा विचार व्हावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसरा-दिवाळीच्या सुमारास वृत्तपत्रांच्या खरेदी पुरवण्यांत कॅमेऱ्यांविषयी जो मजकूर येतो, तो बहुतेक वेळा नव्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांच्या ओळखीपुरताच असतो. ज्याच्याकडे काही वर्षांपूर्वी घेतलेला कॅनन १५००डी किंवा निकॉन डी३५०० हा प्राथमिक डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) आहे, त्यावर ज्याचा हात चांगला बसला आहे आणि ज्याच्या गाठीशी आता फार तर पंचवीस-तीस हजार रुपये जमले आहेत, अशा वाचकासाठी त्यात काहीच नसते. साताऱ्यात छायाचित्रणाचा व्यवसाय करताना अशी मुले-मुली मला सतत भेटतात. कुणी लग्नाच्या कामात मदतनीस असते, कुणी सुट्टीच्या दिवशी कासला किंवा भिगवणला जाते, आणि ‘आता पुढचा कॅमेरा कोणता घेऊ?’ हा प्रत्येकाचा प्रश्न असतो. बाजारात त्यांना बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, बदलण्याचाच सल्ला मिळतो, हप्त्यांची सोयही लगेच पुढे केली जाते. एवढ्या रकमेत बॉडी बदलू नये, लेन्स घ्यावी, हे त्यांना कुणीतरी स्पष्टपणे सांगायला हवे, असे मला कळकळीने वाटते.

यामागचे कारण साध्या हिशेबाचे आहे. प्राथमिक डीएसएलआरबरोबर मिळणारी १८-५५ मिमीची किट लेन्स ५५ मिमीवर नेली की तिचे प्रकाश आत घेणारे छिद्र एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे). मंगल कार्यालयाच्या खोलीत ट्यूबलाइटच्या उजेडात हळदीचा कार्यक्रम चालू आहे, आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, १६०० वर ठेवला आहे आणि शटरचा वेग १/३० सेकंदावर येऊन अडकला आहे, असे धरू. हळद लावणारा हात त्या वेगात हमखास हलतो आणि फोटो वाया जातो. त्याच बॉडीला ५० मिमी एफ/१.८ लेन्स लावून छिद्र एफ/२ ठेवले, तर आठपट प्रकाश आत येतो. आयएसओ तेवढाच ठेवून वेग १/२५० पर्यंत नेता येतो, हात स्थिर टिपला जातो आणि मागचे खुर्च्यांचे ढीग धूसर होऊन चेहरा उठून दिसतो. कॅननची ही लेन्स नवी घेतली तरी साधारण दहा हजारांच्या आसपास मिळते. याउलट १५००डी विकून पदरचे पैसे घालून वरच्या श्रेणीचा ८०डी घेतला आणि पुढे तीच किट लेन्स लावली, तर प्रतिमा टिपणारा सेन्सर आधी २४.१ मेगापिक्सेलचा होता, तो आता २४.२ चा होईल आणि हळदीचा हात मात्र तसाच हललेला राहील.

लेन्स निवडतानाही काही खाचाखोचा आहेत, आणि त्या ग्राहकाला क्वचितच सांगितल्या जातात. निकॉनच्या डी३५०० किंवा डी५६०० या बॉडींमध्ये फोकसची मोटर नसते. त्यामुळे स्वस्त दिसते म्हणून जुन्या ‘डी’ मालिकेतली ५० मिमी एफ/१.८ घेतली, तर ती लागते, पण फोकस हातानेच करावा लागतो. त्या बॉडींसाठी आतच मोटर असलेली, म्हणजे एएफ-एस किंवा एएफ-पी मालिकेतली लेन्स हवी, आणि ३५ मिमी एफ/१.८ डीएक्स ही त्यांतली माझ्या मते सर्वांत उपयोगी. दुसरे असे की, लहान सेन्सरमुळे कॅननच्या प्राथमिक बॉडीवर ५० मिमीची लेन्स ८० मिमीसारखी वागते. व्यक्तिचित्रासाठी ती उत्तम आहे, पण दहा बाय बाराच्या खोलीत चौघांचा एकत्र फोटो घ्यायचा तर पाठ भिंतीला टेकते. घरगुती समारंभ हेच ज्यांचे मुख्य काम आहे, त्यांनी २४ मिमी एफ/२.८ ही चपटी, हलकी लेन्सही पाहावी. भिगवणच्या रोहित पक्ष्यांसाठी मात्र या दोन्हींचा उपयोग नाही. तिथे लांब पल्ल्याची झूम हवी, आणि एवढ्या रकमेत कॅननची ५५-२५० एसटीएम वापरलेली घेणे मला शहाणपणाचे वाटते.

लेन्सनंतर उरलेले पैसे फ्लॅशवर खर्च करावेत. कॅमेऱ्यातला छोटा फ्लॅश चेहऱ्यावर सरळ आदळतो. वेगळा फ्लॅश छताकडे वळवता येतो आणि तो प्रकाश मऊ होऊन खाली उतरतो. मॅन्युअल फ्लॅश, म्हणजे प्रकाशाची मात्रा हाताने ठरवायचा, काही हजारांत मिळतो. मात्र कॅननच्या २००डी मार्क २ सारख्या बॉडीवर फ्लॅशच्या खोबणीतला मधला संपर्कबिंदूच दिलेला नाही, त्यामुळे इतर कंपन्यांचे साधे फ्लॅश तिच्यावर पेटत नाहीत. दुकानात स्वतःच्या बॉडीवर लावून, दोन-चार वेळा पेटवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

बॉडी बदलणे कधीच योग्य नसते, असे मी म्हणत नाही. लग्नाचे काम स्वतंत्रपणे घेणाऱ्याला दोन मेमरी कार्डांची सोय हवी, कारण एक कार्ड बिघडले तर लग्न पुन्हा लावता येत नाही. धावत्या बैलगाड्या किंवा उडते पक्षी टिपणाऱ्याला डी३५०० चे ११ फोकस बिंदू अपुरे पडतात. अशांनी वापरलेला निकॉन डी७२०० शोधावा. त्यात ५१ बिंदू आहेत, दोन कार्डे बसतात, बोटाने फिरवायच्या दोन चकत्यांमुळे छिद्र आणि वेग कॅमेऱ्यावरून डोळा न काढता बदलता येतात आणि फोकसची मोटर असल्याने जुन्या ‘डी’ लेन्सही चालतात. त्यानंतरच्या डी७५०० मध्ये एकच कार्ड बसते, हे मुद्दाम सांगतो. फुलफ्रेमच्या, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याच्या, मोहात मात्र सावध राहावे. कॅननच्या लहान सेन्सरसाठी बनलेल्या ईएफ-एस लेन्स ६डी सारख्या फुलफ्रेम डीएसएलआरवर बसतच नाहीत, आणि निकॉनच्या तशाच डीएक्स लेन्स फुलफ्रेम डी७५० वर बसल्या तरी त्याच्या २४ मेगापिक्सेलपैकी जेमतेम १० वापरात येतात. म्हणजे बॉडीबरोबर लेन्सही नव्याने घ्याव्या लागतात, आणि तो आकडा मग तीस हजारांत कुठेच मावत नाही.

‘डीएसएलआर आता संपले’ हे वाक्य मुलांना घाबरवते. कॅनन आणि निकॉन या दोन्ही कंपन्यांनी २०१८ मध्ये फुलफ्रेम मिररलेस आणले आणि त्यांचे नवे काम आता त्याच बाजूला चालते, हे खरेच आहे. पण त्यामुळेच चांगल्या डीएसएलआर लेन्स वापरलेल्या बाजारात मोठ्या संख्येने आल्या आहेत, आणि आज घेतलेली कॅननची ईएफ लेन्स उद्या अ‍ॅडॅप्टर (मधले जोडकडे) लावून कॅननच्या मिररलेसवर फोकससकट चालते. हातातला कॅमेरा तर बंद पडलेला नाही.

वापरलेल्या मालाविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण खरी फसगत तिथे होते. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात किंवा आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी लेन्स घेताना दोन्ही झाकणे काढावीत, छिद्र पूर्ण उघडावे आणि मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च धरून समोरून तिरके पाहावे. चार-दोन धूळकण दिसले तर बिघडत नाही. काचेच्या कडेपासून आत पसरणारे कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले, तर ती बुरशी आहे आणि ती लेन्स कितीही स्वस्त असली तरी परत करावी. कोकणातून किंवा महाबळेश्वर-पाचगणीकडून आलेल्या लेन्स याबाबतीत विशेष निरखून पाहाव्यात. आपणही पावसाळ्यात लेन्स चामडी पिशवीत न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवावी. बॉडी घेताना शटर किती वेळा उघडले आहे ते पाहावे. निकॉनच्या ताज्या फोटोच्या फाइलमध्येच हा आकडा नोंदलेला असतो. डी७२०० चे शटर दीड लाख वेळा उघडेल अशी कंपनीची चाचणी आहे, तेव्हा सव्वा लाख झालेल्या बॉडीला किती किंमत द्यायची, हे ज्याचे त्याला ठरवता येते.

आपल्या दैनिकाला दोन विनंत्या आहेत. येत्या खरेदी पुरवणीत नव्या मॉडेलांच्या जोडीला वापरलेल्या लेन्स आणि बॉडी कशा पारखाव्यात, यावर एखाद्या जाणकाराकडून अर्धे पान लिहून घ्यावे. आणि वापरलेला माल विकणाऱ्या दुकानदारांनी बिलावर बॉडीचा क्रमांक, शटरचा आकडा, लेन्समध्ये बुरशी नसल्याची नोंद आणि निदान महिनाभराची लेखी हमी द्यावी, हा आग्रह आपल्या स्तंभांतून धरावा. काही दुकानदार आजही हे आपणहून करतात, त्यामुळे ते इतरांना अशक्य आहे असे म्हणता येणार नाही.

आपला नम्र,
एक व्यावसायिक छायाचित्रकार, सातारा