वाघ्या घेवडा, काकवी आणि मंद आच

कोरेगाव, जि. सातारा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, "सात तास ठेवला तरी घेवडा कचकच लागतो, स्लो कुकर परत करू का?" दुकानात गिऱ्हाईक होतं, नीट बोलता आलं नाही. आणि हे फोनवर सांगून भागणारंही नाही, म्हणून लिहायला बसलोय. मशीन परत करू नकोस. पण हे पत्र पुरतं वाचल्याशिवाय त्यात पुन्हा घेवडा टाकू नकोस, आणि काकूंच्या ताटात कचकचीत दाणा तर अजिबात वाढू नकोस.

आधी तेच सांगतो. गेल्या पावसाळ्यात लेकीने मला स्लो कुकर दिला, विजेवर मंद आचेने तासन्‌तास शिजवणारं भांडं. रात्री भिजवलेला घेवडा मी सकाळी तसाच भांड्यात ओतला, पाणी घातलं आणि 'लो'वर ठेवून दुकानात गेलो. दुपारी एकला चव बघायची म्हणून मी आणि हिने चार-चार चमचे खाल्ले. दाणा वरून मऊ, आत कच्चा. अडीचपर्यंत दोघंही उलट्यांनी आडवे. मला वाटलं पाणी बाधलं. डॉक्टरांनी जेवण विचारलं आणि घेवड्याचं नाव काढताच म्हणाले, हेच कारण. संध्याकाळी उतार पडला, पण हिचा पांढराफटक चेहरा मी विसरलेलो नाही.

राजमा आणि घेवडा एकाच जातीचे. कच्च्या दाण्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी प्रथिन असतं. खळखळत्या उकळीत ते मरतं. स्लो कुकरची 'लो'ची आच तिथवर पोचेलच असं नाही, आणि ८० अंशांच्या आसपास रेंगाळलेला दाणा कच्च्यापेक्षाही जास्त बाधू शकतो. अमेरिकेचं अन्न खातं सांगतं की निदान ५ तास भिजवा, ते पाणी फेका आणि ताज्या पाण्यात ३० मिनिटं उकळा. आपल्या प्रेशर कुकरमुळे आपल्याला हा धडा कधी गिरवावा लागला नाही. शिट्टी झाली की काम झालं. मंद आचेवर मात्र ती अर्ध्या तासाची उकळी गॅसवर द्यायचीच. गड्या, यात कसूर करू नकोस.

आता कचकचीचं. तू गूळ आणि टोमॅटो सुरुवातीलाच घातलेस ना? तिथेच दाणा अडला. आंबट आणि गोड दोन्ही दाण्याचं साल धरून ठेवतात, काकवीतलं कॅल्शियम तर जास्तच. बोअरच्या जड पाण्यानेही तसंच होतं, म्हणून मी फिल्टरचं पाणी घेतो. घेवडा दोन वर्षं डब्यात पडलेला असला तर कितीही शिजवा, गणंग राहतातच. पण गंमत बघ, जी काकवी कच्च्या दाण्याला शिजू देत नाही, तीच शिजलेल्या दाण्याला सहा तास फुटू देत नाही. सगळा खेळ ती कधी घालायची याचा आहे.

मी असं करतो. अर्धा किलो वाघ्या घेवडा, आपल्या तालुक्याचाच, लालसर अंगावर पट्टे असलेला. दोन लिटर पाण्यात दीड मोठा चमचा मीठ घालून रात्रभर भिजवायचा. मिठाने साल मऊ पडतं. सकाळी पाणी फेकून, धुऊन, ताज्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळायचा. मग स्लो कुकरमध्ये, दाण्यावर बोटभर उकळतं पाणी, एक अख्खा कांदा, दोन तमालपत्रं, आणि 'हाय'वर तीन-चार तास. झाला का बघायचं तर चमच्यात चार दाणे घेऊन फुंकर मार. साल तडकून कागदासारखं वळलं की दाणा झाला. मी प्रत्येक वेळी बघतो आणि प्रत्येक वेळी छान वाटतं.

मग मसाला. दोन कांदे तेलात चांगले तांबूस करायचे, कडेने काळपट झाले तरी चालतील. त्यात तीन टोमॅटोंचा रस आटवायचा, दीड चहाचा चमचा मोहरीची पूड, चार लवंगा, मिरे, निखाऱ्यावर भाजून कुटलेल्या तीन ब्याडगी मिरच्या. मग अर्धी वाटी काकवी आणि सुपारीएवढा काळा गूळ. हे सगळं घेवड्यात घालून पाणी दाण्यांच्या बरोबरीनेच ठेवायचं, कारण या भांड्यात वाफ बाहेर जात नाही, पाणी आटत नाही. 'लो'वर सहा तास. झाकण उघडून बघायचा मोह आवर, एकदा उघडलं की गेलेली ऊब परत यायला बराच वेळ लागतो. शेवटचा तास झाकण काढून 'हाय'वर, म्हणजे रस दाण्याला धरतो. चिंचेचा कोळ अगदी शेवटी, चमचाभर. मधेच लाइट गेली तर लगेच गॅसवर घे. दोन तास कोमट पडून राहिलेलं मी फेकून देतो.

असाच गोड घेवडा परदेशात बेक्ड बीन्स म्हणून करतात, त्या कृतीत काकवीच्या जागी मोलॅसिस असतं. कोणी त्याचं मराठी मळी करून कारखान्यातली मळी आणायला सांगेल, तर ऐकू नकोस. ती डिस्टिलरीला जाते, आपल्या जेवणातली नव्हे. गुऱ्हाळावरची काकवीच घे. तिचा गोडवा उसाच्या रसाचा आहे, नुसत्या साखरेचा नाही.

आणि धूर. त्यांच्याकडे त्यासाठी खारवलेलं डुकराचं मांस किंवा धुरावलेली मिरचीपूड घालतात. आपल्याकडे धुंगार आहे. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून दोन लाकडी कोळसे माग, गॅसवर लाल कर. भांड्यात मधोमध स्टीलची वाटी ठेव, तिच्यात निखारा, वर चमचाभर तूप, आणि लगेच झाकण. पाच मिनिटं, बस्स. दहा ठेवलेस तर कडवट होतो. खिडकी उघडी ठेव, तुमचा फ्लॅट आठव्या मजल्यावर आहे.

त्या झाकणाखालून पहिला धूर निघाला तेव्हा मला आमच्या घरची चूल आठवली. शाळा सुटली की तू आमच्याकडे यायचास, आठवतंय? धार काढून झाली की आई घेवड्याचं गाडगं वैलावर सरकवायची आणि कामाला लागायची. पुढच्या जाळावर भाकऱ्या, मागे तो शिजत राहायचा, त्याच्याकडे कुणी बघायचंही नाही. रात्री त्यात गुळाचा खडा पडायचा. तू तीन भाकऱ्या खाल्ल्या होत्यास आणि काकू शोधत आल्या होत्या. त्याच तर मागच्या महिन्यात म्हणाल्या ना, "तुझ्या मित्राच्या आईच्या घेवड्यासारखा कर की रे"?

लेकीने सांगितलं ते ऐकून तर मला फार बरं वाटलं. हे यंत्र मुळात अशाच दाण्यांसाठी जन्मलं. इर्व्हिंग नॅक्सन या अमेरिकी माणसाला १९४० मध्ये त्याचं पेटंट मिळालं आणि त्याने त्याला नाव दिलं 'नॅक्सन बीनरी'. त्याची आई सांगायची की लिथुआनियातल्या व्हिल्नियसला असताना तिची आई शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत घेवड्या-मांसाचं भांडं तिच्या हाती बेकरीत पाठवायची, भट्टीच्या उरल्या उबेवर ते रात्रभर शिजायचं. ती माणसं ज्यू, शनिवारी त्यांना विस्तव पेटवायचा नसतो. पुढे १९७० मध्ये दुसऱ्या कंपनीने ते विकत घेतलं आणि १९७१ पासून ते क्रॉक-पॉट म्हणून घरोघर गेलं. बोस्टनचे जुने ख्रिस्ती लोकही शनिवारी घेवडा चढवून रविवारी खायचे. आणि घेवडा मुळात अमेरिका खंडातलाच, आपल्याकडे नंतर आला. आईचं गाडगं आणि त्या बाईचं भांडं, दोन्हीकडे उरलेल्या उबेचंच काम.

पहिल्यांदा नीट जमला तेव्हा हिने पाव आणला नव्हता, ज्वारीची भाकरी केली. ताटात घेवडा काळपट लाल, रस दाट, वर कच्चा कांदा. पहिला घास गोड, मग मिरची, मग धूर. आईचा होता तसाच, असं मी म्हणणार नाही, तिच्या घेवड्यात टोमॅटो नसायचा, मोहरीही नसायची. पण धुराचा वास तोच होता. ही जेवता जेवता एकदम गप्प झाली आणि मग म्हणाली, "आत्याबाई असत्या तर दोनदा घेतला असता."

येत्या शनिवारी शेजाऱ्यांचा मुलगा पुण्याला येतोय, त्याच्याजवळ यंदाचा नवा घेवडा दोन किलो आणि काकवीची बाटली देतो. काकूंसाठी मिरच्या तीनऐवजी एकच घाल आणि घेवडा थोडा जास्त मऊ होऊ दे, त्यांच्या दातांचं मला माहीत आहे. वाढलास की त्या काय म्हणाल्या ते मला शब्दन् शब्द कळव.

घरी सगळ्यांना नमस्कार.

तुझाच,
कोरेगावचा मित्र