बेस ऐकू येत होता का? सुहासला पत्र

पुणे,
रविवार

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

गेटटुगेदरला तू आला नाहीस याचा राग धरून मी गप्प बसलो आहे, असे तुला वाटत असेल तर ते निम्मे खरे आहे. काकूंचे मोतीबिंदूचे ऑपरेशन त्याच आठवड्यात होते हे मला बाळ्याने नंतर सांगितले, आणि त्या आता बऱ्या आहेत हेही त्याच्याकडूनच कळले. माझी साखर जिथे होती तिथेच आहे, मेधाचा गुडघा अधूनमधून कुरकुरतो, बाकी क्षेम. आता मुद्द्यावर येतो, कारण जे घडले ते इथे कोणाला सांगावे तर समोरचा एक तर हसतो किंवा सांत्वन करतो, आणि मला या दोहोंपैकी काहीच नको आहे.

सिंहगड रस्त्यावरच्या त्या लॉनवर आपल्या बॅचसमोर आमच्या बँडने दहा गाणी वाजवली, मी अर्थातच बेस गिटारवर. कार्यक्रम रंगला, हे प्रथमच सांगून टाकतो. राणे सर शेवटपर्यंत बसले, पप्याने नाचताना स्वतःचा चश्मा तुडवला, आणि मुलींच्या रांगेतून (त्या आता मुली राहिलेल्या नाहीत, पण रांग तीच आहे) दोन गाण्यांना वन्समोअर मिळाला. उतरल्यावर जो तो येऊन हात मिळवत होता. त्यात आपला कुलकर्णी, जो कॉलेजात आपल्या खोलीवर येऊन “अरे, हळू वाजवा” एवढेच म्हणायचा, तो मुद्दाम माझ्याजवळ येऊन म्हणाला की आज आवाज अगदी स्वच्छ होता, पूर्वीसारखा गडगडाट नव्हता. मी त्याचे आभार मानले.

तीन दिवसांनी साउंडवाल्याने मिक्सरवरचे रेकॉर्डिंग पाठवले. हल्ली प्रत्येक वाद्य वेगळ्या चॅनलवर मिळते. लॅपटॉपवर उघडले की एकाखाली एक आडव्या पट्ट्या दिसतात आणि आवाजाप्रमाणे त्यांच्यावर डोंगर उठलेले असतात. बाळ्याच्या गळ्याचे डोंगर होते, गिटारचे होते, ड्रमचे तर सुळके होते. माझ्या पट्टीवर दोन गाणी डोंगर आणि तिसऱ्या गाण्याच्या मध्यापासून शेवटापर्यंत सरळ रेघ. माझ्या बेस गिटारपासून डीआय बॉक्समध्ये (वाद्याचा आवाज मिक्सरला जोडून देणारी छोटी डबी) आवाज जात होता, पण तिथून पुढे मिक्सरकडे जाणारी केबल बहुधा कोणाच्या तरी पायाने सुटली होती. माझा लहान अँप माझ्या पोटरीमागे ठेवलेला होता आणि तो त्याच बॉक्समधून आडवाटेने जोडलेला असल्यामुळे मला माझे सगळे ऐकू येत होते. बाळ्याच्या आणि इतरांच्या मॉनिटरमध्ये, म्हणजे वाजवणाऱ्यांकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये, जे येते ते मिक्सरमधून येते, म्हणजे तिथेही मी नव्हतो. उघड्या मैदानावर तेवढ्याशा अँपचा आवाज दुसऱ्या रांगेपर्यंतही पोचत नाही. थोडक्यात, साडेसात गाणी मी फक्त स्वतःसाठी वाजवली आणि ते दोनशे माणसांपैकी एकाच्याही लक्षात आले नाही; उलट एकाने स्वच्छतेबद्दल शाबासकी दिली.

तू आला असतास तर तिसऱ्या गाण्यातच उठून साउंडवाल्याच्या टेबलापाशी गेला असतास. माझा राग आहे तो यावर. काकूंच्या डोळ्यावर नाही.

बाळ्याने ही गोष्ट हसण्यावारी नेली. बेस म्हणजे पायाचा दगड, तो कुठे कोणाला दिसतो, असे नेहमीचे वाक्य त्याने टाकले. पायाच्या दगडाचे निदान नारळ फोडून भूमिपूजन तरी होते, असे मी म्हणालो. पण खरा घाव त्याच्या चिरंजीवांनी घातला. तू त्याला शेवटचा पाहिलास तेव्हा तो तुझ्या स्नेअर ड्रमवर चमचा मारत होता; आता तो आमचा गिटारवाला आहे आणि, खोटे कशाला बोलू, आम्हा तिघांपेक्षा चांगला वाजवतो. तो अत्यंत नम्रपणे म्हणाला, “काका, रागावू नका, पण नाहीतरी बेस ट्रॅकवर टाकता येईल. लॅपटॉपवरून सोडू. साउंडचेकचा अर्धा वेळ वाचेल. तुम्ही हवं तर खंजिरी घ्या.” खंजिरी! सुहास, माझ्या वडिलांच्या भजनी मंडळाने मला चौदाव्या वर्षी खंजिरी देऊ केली होती. ती नाकारून मी रॉककडे आलो.

मी त्याच्याशी वाद घातला आणि वादात हरलो, तेही सांगतो. तो म्हणाला की डोअर्स या बँडमध्ये बेसिस्ट कुठे होता? हे खरेच आहे. त्यांचा रे मांझारेक डाव्या हाताने एका छोट्या कीबोर्डवर बेस वाजवायचा आणि उजव्या हाताने ऑर्गन. मी म्हणालो की हे स्टेजवर, पण स्टुडिओत गेल्यावर त्यांनी बहुतेक वेळा बाहेरून बेसवाला बोलावला, आणि त्यांच्या गायकाबरोबरच्या, मॉरिसनबरोबरच्या, 1971च्या शेवटच्या अल्बमवर तर एल्विसच्या बँडमधला जेरी शेफ वाजवतो आहे. हा मुद्दा मी बराच आवाज चढवून मांडला. त्यावर तो शांतपणे म्हणाला, “म्हणजे स्टेजवर चालतं ना, काका? आपण स्टेजवरच वाजवतो.” या पिढीला तर्कशास्त्र कोण शिकवते ते कळत नाही.

त्या रात्री मला तुझी ती मेटॅलिकाची कॅसेट आठवली. ‘अँड जस्टिस फॉर ऑल’, मुंबईच्या ऱ्हिदम हाउस या दुकानातून आणलेली, जिच्यासाठी तू दोन आठवडे मेसचे दुपारचे जेवण सोडलेस आणि माझ्या डब्यावर जगलास. आपण टू-इन-वनचा बेसचा खटका पार शेवटपर्यंत फिरवला तरी बेस ऐकू येईना, तेव्हा मी म्हणालो कॅसेट खराब आहे आणि तू म्हणालास वाजवणाराच कच्चा आहे. त्यावरून आपण दिवसभर भांडलो. दोघेही चुकत होतो. 1986च्या सप्टेंबरात स्वीडनमध्ये बस उलटून त्यांचा बेसिस्ट क्लिफ बर्टन गेला, त्याच्या जागी जेसन न्यूस्टेड आला, त्याने सगळा बेस चोख वाजवला, आणि 1988मध्ये अल्बम बाहेर आला तेव्हा त्यात तो जवळजवळ नव्हताच. मिक्सिंग करणाऱ्या स्टीव्ह थॉम्पसनने पुढे मुलाखतींत सांगितले की बेस खाली घ्यायची सूचना लार्स उलरिकची होती, म्हणजे ड्रमवाल्याची. तुमच्या जमातीचा मला पूर्वीपासून संशय होताच. पण आज मला त्यातली दुसरी बाब टोचते: तो अल्बम लाखोंनी खपला. आपणही तो टेप लोळागोळा होईपर्यंत ऐकलाच की.

माझा आवाज घरातही कोणाला ऐकू येत नाही, हे काही नवीन नाही. मेधा इतकी वर्षे आमची रेकॉर्डिंग फोनवर ऐकून विचारते की यात तुमचे कोणते, आणि मी दरवेळी तिला समजावतो की खालची ई तार सेकंदाला जेमतेम एकेचाळीस कंपने करते, ती फोनच्या नखाएवढ्या स्पीकरमधून बाहेरच पडू शकत नाही, आपला कान वरच्या हार्मोनिक्सवरून, म्हणजे त्याच तारेतून निघणाऱ्या पटीतल्या स्वरांवरून, खालचा स्वर कल्पनेने भरून घेतो. “म्हणजे कल्पनाच करायची आहे ना,” असे म्हणून ती भाजी चिरायला लागते. नियमितपणे माझा बेस ऐकणारा माणूस या शहरात एकच आहे, तो म्हणजे खालच्या मजल्यावरचे काका. त्या स्वराची एकेक लाट आठ मीटरहून लांब असते, तिला भिंत आणि स्लॅब काय अडवणार? काकांना मी कोणत्या गाण्याचा सराव करतो आहे हे ओळखता येत नाही, पण मी कुठे अडखळतो ते मात्र नेमके सांगता येते.

आता जे फक्त तुलाच सांगण्यासारखे आहे ते. मी ते रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा ऐकले, आणि माझी पट्टी सरळ झाल्यावर बाकीच्यांचे काय होते इकडे कान लावला. बाळ्याचा मुलगा त्यानंतरच्या पाचव्या मिनिटापासून जास्त तारा छेडू लागतो. जिथे तो दोन स्वर सोडून जागा ठेवतो तिथे आता पूर्ण कॉर्ड येते. बाळ्या ओळीच्या शेवटी जिथे माझ्या स्वरावर टेकतो तिथे किंचित खाली उतरतो. आणि ड्रम पळतात. क्वीनचे ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ मिनिटाला एकशेदहा ठोक्यांच्या लयीत सुरू झाले आणि एकशेसतरावर संपले. मी मेट्रोनोम लावून पाहिले. आमचा सध्याचा ड्रमर गुणी मुलगा आहे, पण तो वाजवताना माझ्याकडे कधी बघत नाही. तू निदान शिव्या देण्यासाठी तरी बघायचास. (गॅदरिंगला लय तुझ्यामुळे पळाली की माझ्यामुळे ओढली गेली, हा खटला मी पुन्हा उघडत नाही. तुझ्यामुळे पळाली होती.)

पण याच गाण्यात अशी एक गोष्ट आहे की जिच्यामुळे माझी झोप उडाली आहे. ते गाणे क्वीनच्या बेसिस्टचे, जॉन डीकनचे, 1980चे. त्यात बेसची ओळ काढली तर टाळ्यांखेरीज फारसे काही उरत नाही. चिरंजीव ती ओळ सवयीने गिटारवर वरच्या सप्तकात वाजवत होते, त्यामुळे स्टेजवर कोणाला शंका आली नाही. समोर एक माइक लोकांच्या दिशेने ठेवलेला होता. त्याच्या पट्टीवर ऐकले तर सगळी बॅच ती ओळ तोंडाने म्हणते आहे! पप्या, मुलींची रांग, बहुधा राणे सरसुद्धा, बेसूर पण छातीतून, बरोबर माझ्या जागेवर. माझा बेस नव्हता तर त्यांनी तो गाऊन काढला. हे ऐकून मी आधी हरखलो आणि मग विचारात पडलो. बेस इतका हवा असतो की नसला तर माणसे तो स्वतः भरून काढतात, असे म्हणायचे? की माणसे तो स्वतः भरून काढतातच, मग वाजवायला मी कशाला, असे म्हणायचे? चिरंजीवांना विचारायची मला हिंमत नाही. ते दुसरे उत्तर देतील आणि तेही पटण्यासारखे देतील.

तू म्हणशील की मी हे वाद्य कुठे निवडले होते. खरे आहे, चार गिटारवाले झाले होते आणि चिठ्ठी माझ्या नावाची निघाली. बीटल्सच्या मॅकार्टनीकडेही बेस असाच आला, दुसऱ्या कोणाला नको होता म्हणून, अशी समजूत तू तेव्हा घातली होतीस आणि मी ती आजवर पुरवून वापरली. शिवाय 2008च्या फेब्रुवारीत मुंबईत बीकेसीच्या मैदानावर आयर्न मेडन पाहिले तेव्हा त्यांचा बेसिस्ट स्टीव्ह हॅरिस मॉनिटरवर पाय ठेवून बंदुकीसारखा बेस लोकांवर रोखत होता. बँड त्याने 1975 साली काढलेला, बहुतेक गाणी त्याची, त्यामुळे त्याला कोण खंजिरी देणार? परत येताना शिवनेरीत तू म्हणालास की तूही असा पुढे उभा राहिलास तर लोक ऐकतील. मी म्हणालो की मी पुढे आलो तर तुझा किक ड्रम मला पाठीत लागणार नाही आणि मग मला वाजवता येणार नाही. हे मी तेव्हा विनोदाने बोललो होतो. पण तू हैदराबादला जाताना ड्रम त्या लग्नाच्या बँडवाल्याला विकलेस आणि आपण सहा महिने एकमेकांशी बोललो नाही, त्याचे कारण एवढेच होते. पैशांचा विषय निमित्त होता.

तुझ्या नव्या घराचे फोटो पाहिले, गॅलरी छान आहे. सईला आर्किटेक्चर मिळाले याचा फार आनंद झाला, तिला माझे आशीर्वाद सांग. बदलीचे काय झाले ते सवडीने लिही. दिवाळीत येणार असाल तर मेधा म्हणते आधी कळवा.

आता तुझ्याकडे काम. मी घरी बसून त्या रेकॉर्डिंगवर माझा बेस पुन्हा वाजवला आणि क्वीनच्या गाण्याच्या दोन फायली केल्या: एक त्या संध्याकाळी लोकांनी ऐकली तशी, दुसरी माझ्यासह. त्यांना फक्त क आणि ख अशी नावे दिली आहेत. पळणाऱ्या ड्रमच्या मागे मला पळावे लागले आहे, तेवढे समजून घे. मोबाइलवर ऐकू नकोस. तुझे ते जुने मोठे हेडफोन काढ, आणि एकदा हातात काड्या घेऊन दोन्हींवर उशीवर वाजवून बघ. कशाच्या बरोबर वाजवणे सोपे गेले ते मला कळव. बरे-वाईट सांगू नकोस, ते कुलकर्णीने सांगून झाले आहे. बेस ट्रॅकवर टाकायचा की नाही याचे उत्तर बाळ्याला शनिवारच्या प्रॅक्टिसला द्यायचे आहे, तेव्हा शुक्रवारपर्यंत लिही. आणि खंजिरीवरचे विनोद त्यानंतरच्या पत्रासाठी राखून ठेव. ते तुला सुचले आहेत हे मला इथूनच कळते आहे.

काकूंना नमस्कार.

तुझा,
विन्या