चाळीस एमएल

शिंदखेडा,
६ एप्रिल

चि. सौ. बाईस,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री साडेअकराला तुझा फोन आला तेव्हा मागे त्या दूध काढायच्या पंपाची घरघर चालू होती. "आई, दोन्ही मिळून चाळीस एमएल. फक्त चाळीस," असं तू तीनदा म्हणालीस आणि मग नुसती मुसमुसत राहिलीस. मी म्हणाले, खाऊन घे, झोप, होईल सगळं. फोन ठेवला आणि मला माझाच राग आला. अप्पा शेजारच्या खाटेवर जागे होते. जे बोलायला हवं होतं ते त्यांच्यासमोर बोलवेना, म्हणून हे पत्र. तुझा मामेभाऊ उद्या अमळनेरला येतोय, त्याच्या हाती देते. विहीणबाईंना वाचून दाखवायचं असेल तर पहिलं पान दाखव. मधलं एकटीने वाच.

आधी त्या चाळीस एमएलचं बघू. तूच म्हणालीस की साडेदहाला सोन्या पोटभर प्याला आणि झोपला. म्हणजे ताटावरून पोर उठल्यावर तासाभराने तू पातेलं खरवडलंस आणि त्यात चाळीस एमएल निघालं. ते कमी कुठे आहे गं? दोन पाजण्यांच्या मधे पंपाने पंधरा-वीसपासून पन्नास-साठपर्यंत काहीही निघतं. पोराचं तोंड जे ओढतं ते यंत्राला ओढता येत नाही. त्याची जीभ, त्याचा जबडा, त्याचा वास, सगळं लागतं तेव्हा पान्हा सुटतो. बाटलीवरच्या रेघा म्हणजे पंपाचं काम किती झालं त्याची नोंद. त्यावरून तुला किती दूध आहे ते कळत नाही.

छाती पूर्वीसारखी भरून येत नाही, पोलकं ओलं होत नाही, असं तू म्हणालीस. दीड-दोन महिन्यांनंतर तसंच होतं. सुरुवातीला शरीराला अंदाज नसतो म्हणून ते जास्तीचं बनवतं, पुढे पोराच्या मागणीएवढंच बनवतं. छाती मऊ पडली म्हणजे दूध आटलं असं नाही. आणि चौथ्या महिन्यात पोरं मध्येच सोडून पंख्याकडे बघतात, दाराकडे बघतात, परत तोंड लावतात, परत सोडतात. तो भुकेला नाही, चौकस झालाय.

विहीणबाई "पोऱ्या भुक्या ऱ्हास, वरनं चालू कर" म्हणतात, त्यांच्यावर चिडू नकोस. माया आहे ती. पण त्यांच्यासमोर कार्ड उघडून ठेव. जन्माचं वजन २ किलो ८००, गेल्या आठवड्यात आशाताईंनी केलं ते ६ किलो ३००. सव्वाचार महिन्यांत दुपटीहून वर गेला. दिवसाला सहा-सात लंगोट ओले, लघवी पाण्यासारखी. भुकेल्या पोराचं वजन असं चढत नाही. हां, ओल्या लंगोटांची संख्या कमी झाली, लघवी पिवळीजर्द व्हायला लागली, कार्डावरची रेघ आडवी पडली, तर माझ्या पत्राची वाट न बघता डॉक्टरांकडे जा. तेव्हा तुझं हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही बघायला सांग. बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडलं की दूध खरंच उतरत नाही. पाळणा लांबवायच्या गोळ्या घेत असशील तर कुठल्या ते सांग, काही गोळ्यांनी दूध कमी होतं. सर्दीच्या गोळ्यांचंही तसंच, मनाने दुकानातून आणू नकोस.

आणि एप्रिल आहे, पारा बेचाळीसवर आहे, तरी त्याला पाणी द्यायचं नाही. सहा महिन्यांपर्यंत थेंब नाही. आईच्या दुधात पाणीच जास्त असतं. पाणी तू पी, तहान लागेल तेवढं.

आता मधलं पान.

तुला समजायला लागल्यापासून मी सगळ्यांना सांगत आलेय की माझ्या पोरीला मी शाळा सांभाळून दोन वर्षं अंगावर पाजलं. तुझ्या डोहाळजेवणात तर बायकांनी टाळ्या वाजवल्या. ते अर्धं खरं आहे. आणि मला वाटतं, तू त्याच गोष्टीशी स्वतःला मापून रडतेयस.

तू १९९६ च्या जूनमधली. तेव्हा आम्हाला ९० दिवस मिळायचे. सप्टेंबरात मी हजर झाले. सकाळी साडेनऊची एसटी, संध्याकाळी परत यायला साडेसहा. पहिल्याच आठवड्यात चौथीच्या वर्गात पाढे घेत होते आणि खिडकीबाहेर कुणाचं तरी तान्हं रडलं. माझा पान्हा सुटला. पोलकं ओलं, पदर ओला, समोर बेचाळीस पोरं. मी फळ्याकडे वळले आणि कुणी न मागता सतराचा पाढा खालपर्यंत लिहून काढला, हळूहळू, वाळेपर्यंत. मधल्या सुट्टीत मुख्याध्यापकांकडे गेले, रोज पंधरा मिनिटं आणि कार्यालयामागची खोली मागितली. ते म्हणाले, "बाई, घरची कामं घरी." मी पुढे काही बोलले नाही. शाळेच्या मागे निंबाचं झाड होतं. तिथे भिंतीकडे तोंड करून पिळायचे आणि त्याच्या बुडाशी टाकायचे. तुझं दूध, आणि मी मुंग्यांना घालत होते. ठेवायचं कशात आणि न्यायचं कसं ते सांगणारं कुणी नव्हतं.

महिनाभराने मला त्या झाडामागे जायचा कंटाळा आला. लाजही वाटायची. छाती दगडासारखी व्हायची, दुखायची, मग दुखायचीही थांबली. मला बरं वाटलं. त्यानंतर पंधरा दिवसांत दूध निम्म्यावर आलं. तुझ्या आजीने मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या, कुणाची नजर लागली म्हणाली. मीही तेच धरून बसले. नजर कुणाची नव्हती. भरलेली छाती तशीच राहिली की शरीर समजतं, गिऱ्हाईक नाही, आणि भट्टी मंद करतं. दिवसाच्या दोन पाजण्या मीच बंद केल्या होत्या.

मग आजीने गाईचं दूध निम्मं पाणी घालून बोंडल्याने पाजायला सुरुवात केली. तेव्हा घरोघर तेच करायचे. पाचव्या महिन्यात तुला हगवण लागली, तीन दिवस धुळ्याला सलाईनवर होतीस. तुझ्या हातावर सुई लावायला शीर सापडत नव्हती, शेवटी डोक्यात लावली. डॉक्टरांनी मला सगळ्यांसमोर झापलं. पाणी घातलेलं दूध तर नाहीच, गाईचं दूधच वर्षाच्या आत नको, असं ते म्हणाले. त्यानंतर दिवसा डब्याची पावडर, रात्री आणि पहाटे माझं. रात्रीचं खरंच दोन वर्षं चाललं, तेवढं खोटं नाही. पण पावडरचा डबा मी ज्वारीच्या कोठीत लपवायचे. शेजारणी म्हणतील, नोकरीपायी पोरीचं दूध तोडलं. अप्पांना माहीत होतं, त्यांनी कधी तोंडातून काढलं नाही. डब्यावर तू वाढलीस, माझ्यापेक्षा चार बोटं उंच झालीस. लपवलं ते चुकलं. म्हणून आज लिहितेय.

आता तुझ्या नोकरीचं. तू ४ मेला हजर होणार. आठला घर सोडशील, गाडीने जळगाव, परत सातला. अकरा तास. या वयाचं पोर आईपासून लांब असताना तासाला साधारण तीस-चाळीस एमएल पितं. म्हणजे तीनशे तीस ते चारशे चाळीस, तीन-चार वेळा मिळून. निघताना पाजून निघ आणि आल्या आल्या, चपला काढायच्या आधी पाज. त्याच्या आधी तासभर विहीणबाईंनी त्याला गच्च पाजलं नाही म्हणजे झालं, एवढं त्यांना सांगून ठेव. सहा महिन्यांनी वरणाचं, नाचणीचं, मऊ भाताचं सुरू झालं की ओढ आपोआप कमी होते. अवघड आहे तो पहिला महिना.

आणि फ्रीज भरून साठा करायचा तो वेडेपणा सोड. कुणाच्या तरी फ्रीजमधल्या पन्नास पिशव्यांचे फोटो बघून तू घाबरलीस, मला माहितेय. तुला फक्त पहिल्या दिवसाचा साठा हवा. पहिल्या दिवशी ऑफिसात काढशील ते दुसऱ्या दिवशी लागेल. त्यासाठी आत्तापासून रोज एकदा, पहाटेच्या पाजण्यानंतर काढ. तेव्हा दूध सगळ्यात जास्त असतं. ऑफिसात दर तीन तासांनी, म्हणजे अकरा, दोन, पाच. एकही वेळ चुकवू नकोस, काम कितीही असो. माझं गेलं ते तिथेच गेलं. पंपाआधी गरम पाण्यात पिळलेला रुमाल दोन मिनिटं ठेव, मग हाताने दाबत काढ, पंप संपला की परत हाताने. अंगठा वर, बोटं खाली, काळ्या गोलापासून जरा मागे, आधी छातीच्या हाडाकडे दाबायचं आणि मग पुढे. शेवटचं घट्ट दूध हाताने चांगलं येतं. फोनवर सोन्याचा रडतानाचा व्हिडिओ लाव. हसू नकोस, त्या खिडकीबाहेरच्या पोराने माझं काय केलं ते वाचलंस ना. रागात, घाईत पान्हा अडतो. दूध असतं, उतरत नाही.

रात्री त्याला जवळ घे, आडवं होऊन पाज. दूध बनवणारं संप्रेरक रात्री जास्त असतं. तू कामावर जायला लागलीस की तो दिवसाचं रात्री वसूल करेल. झोप मोडेल, त्याला इलाज नाही. पण म्हणून रात्रीची एक बाटली देऊन मोकळी होऊ नकोस.

ऑफिसात तोंडी विनवणी करू नकोस, अर्ज दे. आधी ते १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याच्या ११ व्या कलमात होतं, नोव्हेंबर २०२५ पासून २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत, नेहमीच्या सुट्टीखेरीज दोन वेळा पाजण्यासाठी मोकळीक मिळते. जेवणाची सुट्टी धरली की तुझ्या तीन वेळा बसल्या. २०१७ च्या दुरुस्तीने तुझी २६ आठवड्यांची रजा आली, त्यातच ५० किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघराची अट आली. पण गर्दीच्या गाडीतून अमळनेर-जळगाव अपडाऊन पोर कोण नेणार, ते राहू दे. आतून कडी लागणारी खोली तेवढी लेखी माग. बाथरूम नको. तू माझ्यासारखी गप्प बसलीस तर मला वाईट वाटेल.

दुधाचं ठेवणं. पुस्तकात पंचवीस अंशाला चार तास लिहिलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात पंचवीस अंश रात्री दोनलासुद्धा नसतात. त्यामुळे बाहेर ठेवायचंच नाही. ऑफिसच्या फ्रीजमध्ये मागे ठेव, दारात नको. येताना बर्फाच्या गोठवलेल्या पिशव्या घातलेली थर्मासची बॅग. घरच्या फ्रीजमध्ये चार दिवस चालतं, पण लाइट गेली आणि तास-दोन तास आली नाही तर आधी तेच वापरा. गरम करायचं ते वाटी कोमट पाण्यात ठेवून, गॅसवर नाही. वर साय जमलेली दिसेल, खराब झालं म्हणून ओतू नका, हलकेच फिरवलं की मिसळतं. वाटीत उरलेलं मात्र परत ठेवायचं नाही.

पाजायचं वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने. बाटलीची सवय लागली की काही पोरं अंगावर घ्यायला कुरकुरतात, आणि त्या निपला नीट उकळत कोण बसतंय.

आणि तरीही एखाद्या दिवशी शंभर एमएल कमी पडलं तर डॉक्टरांनी सांगितलेला डबा, उकळलेल्या पाण्यात, डब्यावर लिहिलेल्या मापाने. पातळ करायचं नाही. डबा ओट्यावर ठेव, कोठीत नाही.

हळिवाचे लाडू, डिंकाचे लाडू, खसखस, शेपूची भाजी, सगळं पाठवते. खा, अंगात बळ येईल. पण लाडवाने दूध वाढतं असं मला आता छातीठोक सांगता येत नाही. खाणारी बाई पाजते, काढते, म्हणून वाढतं. मेथीच्या कॅप्सूल तेवढ्या आणू नकोस, त्याने रक्तातली साखर उतरते, आधी डॉक्टरांना विचार. कळण्याची भाकरी आणि भरीत सोन्याला बाधेल म्हणून तुला बंद केलंय म्हणे. कुणी केलं? मी तर तुझ्या वेळी आठवड्यातून चारदा खायचे.

आखाजीला येच. झोका अंगणात नाही बांधला यंदा, निंबाची फांदी मोडली, पडवीत बांधू. तुझं बोंडलं मी काल शोधलं. चांदीचं आहे, तुझ्या पणजीचं, चोचीपाशी एक पोचा आहे, तू सातव्या महिन्यात भिंतीवर आपटलं होतंस. दहा मिनिटं उकळून मांडणीवर ठेवलंय.

जावईबापूंना आणि विहीणबाईंना नमस्कार. सोन्याला पापा.

तुझी
आई

ता. क. : काल अप्पांना शेवटी सांगितलंच. दूध कमी पडतंय असं नाही, पंप कमी ओढतोय असं सांगितलं. ते म्हणाले, "वायसर घसाई गया व्हई, दुसरं काय." मी हसले. मग रात्री आठवलं, तू तो पंप नणंदेचा जुना आणलायस. त्यातली पांढरी रबरी झडप फाटली की ओढ खरंच जाते. आधी ती बदल, जळगावला मिळेल. आणि तुझ्या मापाचा कप आहे का ते बघ, त्यांचा तुला मोठा होत असेल.