पगार मायदेशी, कर मात्र दोन्हीकडे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कंपनीने परदेशी पाठवलेल्या, पण पगार मायदेशातच घेणाऱ्या नोकरदारांमध्ये एक समज पक्का बसलेला आहे: 'पैसे आपल्या देशातल्या खात्यात येतात, करही तिथेच कापला जातो, मग इथल्या कर खात्याचा संबंध काय?' संबंध आहे. पगारावर कर लावण्याचा पहिला हक्क, दुहेरी कर टाळण्यासाठी दोन देशांत होणाऱ्या बहुतेक करारांनी, काम जिथे बसून केले त्या देशाला दिला आहे. बँक खाते कुठले, हे तिथे गौण.

यातून सूट देणारे कलम आहे, पण ते अर्धेच वाचले जाते. '१८३ दिवसांच्या आत परतलो की झाले' एवढेच लक्षात राहते. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय आर्थिक संघटनेच्या नमुना कराराच्या (ज्यावर अनेक देशांचे करार बेतलेले असतात) कलम १५ मध्ये अटी तीन आहेत आणि तिन्ही एकाच वेळी पाळाव्या लागतात. मुक्काम १८३ दिवसांहून जास्त नको. पगार देणारी कंपनी त्या देशाची निवासी नको. आणि पगाराचा बोजा कंपनीच्या तिथल्या शाखेवर किंवा स्थायी आस्थापनेवर (धंद्याच्या कायम जागेवर) पडलेला नको. एक अट मोडली तरी सूट जाते. दिवसांची मर्यादा ओलांडली, तर कर १८४व्या दिवसापासून नव्हे, पहिल्या दिवसापासून लागतो.

दिवस मोजायचे ते कामाचे नव्हेत, हजेरीचे. विमान रात्री साडेअकराला उतरले तरी तो अख्खा दिवस धरला जातो. शनिवार-रविवार, सणाच्या सुट्ट्या, काम संपल्यावरची चार दिवसांची भटकंती, सगळे त्यात आले. खरी मेख मात्र 'कोणत्या वर्षातले दिवस' यात आहे. अनेक जुन्या करारांत कॅलेंडर वर्ष किंवा करवर्ष धरतात, नव्या नमुन्यात कोणतेही सलग बारा महिने. समजा, मुक्काम १ ऑगस्ट ते ३१ मे. कॅलेंडर वर्षाच्या हिशेबाने आधी १५३ आणि नंतर १५१ दिवस, म्हणजे दोन्ही वर्षे निभावली. बारा महिन्यांच्या हिशेबाने तेच ३०४ दिवस, सूट गेली. म्हणून आपल्या दोन देशांतल्या कराराचा मूळ मजकूर, सुधारणांसह, वाचल्याशिवाय तिकिटाच्या तारखा ठरवू नयेत.

दुसरी अट त्याहून फसवी. पगार मायदेशची कंपनी देते, पण दर महिन्याला तेवढ्याच रकमेची डेबिट नोट (वसुलीची चिठ्ठी) तिथल्या भगिनी कंपनीच्या नावे फाडली जाते. मग अनेक देशांची कर खाती विचारतात: काम कोण सांगतो, रजा कोण मंजूर करतो, खर्च शेवटी कोणाच्या वहीत जातो? उत्तर 'इथली कंपनी' असेल, तर खरा नियोक्ता तीच, नेमणूकपत्रावर शिक्का कोणाचाही असो.

सूट नसेल तर तिथे करकपात सुरू करावी लागते. त्यासाठी कंपन्या शॅडो पेरोल चालवतात; पगार तिथून दिला जात नाही, फक्त कराचा भरणा होतो. मायदेशातली कपातही चालूच राहते आणि हातात येणारी रक्कम महिनोन्‌महिने आकसते. ब्रिटनमध्ये कर खात्याशी आधी ठरवून, परदेशी कराची तात्पुरती वजावट दरमहाच्या कपातीतच देता येते. अशी सोय नसेल तिथे विवरणपत्र भरून परताव्याची वाट पाहायची. परदेशी भरलेल्या कराची मायदेशातल्या करातून मिळणारी वजावट, म्हणजे क्रेडिट; त्यालाही मर्यादा आहे. त्याच उत्पन्नावर तिथे २८ आणि मायदेशी २० कर बसत असेल, तर क्रेडिट २०चेच. करारानुसार द्यायचाच नव्हता असा कर तिथे भरून बसलात, तर मायदेशी त्याचे क्रेडिट साधारणपणे मिळत नाही. परतावा तिथेच मागावा लागतो.

'कर कंपनी भरेल' हे तोंडी आश्वासन तर सगळ्यांत महाग. कंपनीने भरलेला करही बहुतेक ठिकाणी पगारच समजला जातो. दर सरसकट ३० टक्के धरला, तर हातात १०० देण्यासाठी कर ३० नव्हे, ४२.८६ होतो. हा वाढीव बोजा कोणाचा, दोन्हीकडची विवरणपत्रे कोण भरणार, मधेच नोकरी सोडली तर काय, हे प्रतिनियुक्तीच्या पत्रात लिहून घ्यावे.

देशोदेशीचे अपवाद वेगळेच. अमेरिका आपल्या नागरिकांना ते कुठेही राहोत, विवरणपत्राच्या कक्षेत ठेवते. भारतात अनिवासी व्यक्तीचेही देशात प्रथम प्राप्त झालेले उत्पन्न कायद्याने करपात्र ठरू शकते, त्यामुळे तिथे मात्र खाते कुठले हा प्रश्न गौण राहत नाही. बचाव कराराच्या आधारे मांडावा लागतो आणि त्यासाठी आपण करासाठी दुसऱ्या देशाचे निवासी आहोत, असा त्या देशाचा दाखला हवा. तो वर्ष सरण्याआधीच मागून ठेवावा.

परतल्यानंतर हाती आलेला बोनसही विसरला जातो. वर्षातल्या २२० कामाच्या दिवसांपैकी १३० तिथे गेले असतील, तर बोनसचा २२०पैकी १३० एवढा हिस्सा तिथला. मुक्काम संपून वर्ष उलटले असले, तरी तो तिथल्या विवरणपत्रात दाखवावा लागतो, आणि शॅडो पेरोल तोवर बंद झालेला असतो.

आपला,
एक करसल्लागार