चेहरा बदलला म्हणून मालिका बिघडत नाही

संपादक साहेब,
रविवारच्या पुरवणीतला ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानकथा मालिकेवरचा लेख वाचला, त्यात दर थोड्या वर्षांनी हिरोचं काम करणारा नट बदलणं ही मालिकेची कमजोरी आहे असं म्हटलंय ते अजिबात पटलं नाही. उलट ही मालिका टिकली ती त्यामुळेच. 1963 ला बीबीसीवर सुरू झाली तेव्हा विल्यम हार्टनेल डॉक्टर, म्हणजे मालिकेचा हिरो, होते, 1966 मध्ये त्यांची तब्येत साथ देईना, दुसरी एखादी मालिका असती तर तिथेच गुंडाळली असती, पण इथे डॉक्टर परग्रहवासीच असल्यामुळे त्याचं अख्खं शरीरच बदलतं असं दाखवलं आणि पॅट्रिक ट्रॉटन आले.

आणि ते प्रेक्षकांच्या गळी नुसतं उतरवलं नाही. ट्रॉटनच्या पहिल्याच कथेत सोबतचा बेन जुन्या डॉक्टरची अंगठी त्याच्या बोटात घालून बघतो, ती बसतच नाही, म्हणजे घरी बसलेल्या माणसाच्या मनातला संशय सरळ पडद्यावरच मांडला, मग विश्वास हळूहळू बसू दिला. (त्या कथेचे सगळे मूळ भाग आज हरवलेत, आवाज, काही फोटो आणि थोडे तुकडे एवढंच उरलंय, याचं फार वाईट वाटतं.)

म्हणून तर पुढे टॉम बेकर सात वर्षं चालले, आणि 2017 मध्ये जोडी व्हिटेकर ही पहिली बाई डॉक्टर झाली तेही कथेच्या नियमात बसलं. एखाद्या डॉक्टरच्या कथा फसल्या असतील तर लेखनाला नावं ठेवा ना, माणूस बदलण्याला कशाला?

– एक वाचक, पुणे